जुन्या पाकपुस्तकाची बदली प्रत : शोधाच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी

पुस्तकाचं नाव या नोंदींत मुद्दाम दिलेलं नाही. प्रती मोजक्या उरल्यात आणि नाव फुटलं की आधी भाव चढतो. पद्धत मात्र शेर-तोळ्यांच्या काळातल्या कुठल्याही मराठी पाकपुस्तकाला लागू पडेल. अजून छापली जाणारी पुस्तकं यात धरू नका. 'रुचिरा' (पहिली आवृत्ती १९७०) हवी असेल तर दुकानात जाऊन नवी घ्यावी, त्यासाठी एवढी उठाठेव नको.

१२ एप्रिल : हातात काय आहे

घरच्या प्रतीला मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही. पान १ ते ८ गेलेली. शेवट २७२ व्या पानावर, चिरोट्यांच्या कृतीच्या मधोमध. कागद पिवळा पडलाय, पण सुट्या पडलेल्या तुकड्याचा कोपरा दुमडून पाहिला तर मोडत नाही. म्हणजे शिलाई सोसेल.

सगळ्यात आधी फर्मे, म्हणजे एका मोठ्या छापील कागदाला घड्या घालून होणारे पानांचे जुडगे, मोजले. पुस्तक क्राउन अष्टपत्री आकाराचं, फर्मा १६ पानांचा. १७, ३३, ४९ अशा प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात एक अक्षर आणि एक आकडा आहे. आकडा फर्म्याचा, अक्षर पुस्तकाच्या नावातलं पहिलं. छापखान्यात निरनिराळ्या पुस्तकांचे फर्मे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ही खूण घालत. नावाचं पान हरवलेल्या पुस्तकात हाच पहिला धागा.

शेवटचा उरलेला फर्मा १७ वा, २५७ ते २७२. पुस्तक नेमकं फर्म्याच्या हद्दीवर तुटलंय, म्हणजे पानं फाटलेली नाहीत, दोरा तुटून पुढचा अख्खा फर्मा गळून पडलाय. पुस्तक २८८ पानांपर्यंत जात असणार, निदान २८० तरी. पहिल्या फर्म्याची तऱ्हा वेगळी. घडीत पान १-२ चा कागद १५-१६ ला जोडलेला असतो, ३-४ चा १३-१४ ला. पुढची आठ पानं गेल्यामुळे ९ ते १६ ला शिलाईचा आधारच राहिला नाही, ती नुसत्या खळीवर तगून आहेत. ती वेगळी काढून पाकिटात ठेवली.

काळ ठरवण्यासाठी मजकुरातल्या खुणा :

मापं सगळीकडे शेर, पावशेर, नवटाक, तोळा. ग्रॅम एकदाही नाही. मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून यायला लागली आणि १९६२ पर्यंत जुनी वजनं कायद्याने हद्दपार झाली.

भाजीच्या एका कृतीत 'दोन आण्यांची कोथिंबीर'. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ची, म्हणजे हे वाक्य त्याआधी जुळवलेलं.

लेखन 'घालावें', 'तें', 'पिठाचे गोळे करावे व ते लाटावें' असं मिश्र. अनुस्वार गाळण्याचे नियम १९६२ चे. ही खूण एकटी धरू नये. काही छापखाने नंतरही जुन्याच वळणाने जुळवत राहिले आणि काहींनी आधीपासूनच अनुस्वार सोडले होते.

चूल, शेगडी, प्रायमस आहे. कुकर नाही, गॅस नाही.

प्रकाशकाचा पत्ता मिळाला असता तर आणखी एक सोपी कसोटी होती. 'मुंबई ४' असा एकेरी-दुहेरी आकडा असेल तर छपाई बहुधा १९७२ च्या आधीची, '४०० ००४' असेल तर नंतरचीच, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला.

१५ एप्रिल : नाव शोधणं

शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' काढून बसायचं. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मिळते. पाकशास्त्राची नोंद काढून फर्म्यावरच्या अक्षराने सुरू होणारी नावं उतरवली. दोन उरली. सूची १९५० ला थांबते, तेव्हा पुढच्या आवृत्त्या तिच्यात शोधत बसण्यात अर्थ नाही. पहिली आवृत्ती कोणाची होती एवढं कळलं की काम झालं.

इंटरनेटवरच्या ग्रंथसूच्यांत या नावांचं लेखन निरनिराळं आहे, एकाच ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, जोडशब्द कुठे तोडलेले, कुठे जोडलेले. नाव रोमन लिपीत टाकून शोधलं तर काहीच हाती लागत नाही असंही होतं. दोन्ही लिप्यांत, तोडून आणि जोडून, सगळी रूपं टाकावीत.

१९ एप्रिल : ग्रंथालयं

मुंबईत मराठीच्या जुन्या पुस्तकांसाठी दोन ठिकाणं आधी गाठावीत. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) आणि फोर्टात टाउन हॉलच्या इमारतीतलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. दुसऱ्याचं महत्त्व कायद्यामुळे : १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ज्या चार ग्रंथालयांना द्यायची, त्यांतलं हे एक. सगळ्याच प्रकाशकांनी इमानेइतबारे प्रती पाठवल्या असं नाही, तरी विचारल्याशिवाय सोडू नये.

जाताना आपलं पुस्तक नेऊ नका. दारावर नोंद, बाहेर पडताना तपासणी, आणि वर जुन्या पुस्तकावर जुनं पुस्तक ठेवलं की कर्मचाऱ्यालाही शंका येते. ताडणीची तीन पानं झेरॉक्स करून न्यावीत : एक फर्म्याचं पहिलं पान, एक आकृती किंवा तक्ता असलेलं, आणि एक काळाची खूण असलेलं. इथे ते आण्यांचं पान.

देवघेव विभागात या विषयाचं काही टिकत नाही. हवी ती कृती उतरवून घ्यायचे कष्ट कोण घेतो, पान फाडून नेतात. मसाले आणि पक्वान्नं हे फर्मे आधी जातात, पथ्याचं जेवण शेवटपर्यंत शाबूत असतं. म्हणून थेट संदर्भ विभागच.

संदर्भ विभागातून त्या दोन नावांपैकी एकाच्या दोन आवृत्त्या पाहायला मिळाल्या, तिसरी आणि चौथी. ताडणीची पानं तिसरीशी ओळीला ओळ जुळली, एका जागेचा अपवाद सोडून. आपल्याकडे 'दोन आण्यांची कोथिंबीर', तिसरीत 'बारा नये पैशांची'. किंमतही 'न. पै.' मध्ये छापलेली, म्हणजे १९५७ ते १९६४ मधली. आपली प्रत तिच्या आधीची, दुसरी. बाकी पानवारी सारखीच. याचा पुढे फार उपयोग झाला.

पुस्तकाच्या शेवटी कृतींची सूची आहे, पण तिसरीच्या त्या प्रतीतही सूचीचं शेवटचं पान नव्हतं.

२३ एप्रिल : चौथी का नको

हे नीट लिहून ठेवतो, कारण बाजारात मिळतात त्या बहुतेक प्रती चौथ्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीच्या आहेत आणि विकणारा 'तेच पुस्तक आहे' म्हणून गळ्यात मारतो.

चौथ्या आवृत्तीत शेर-तोळे काढून ग्रॅम घातले. घालताना आकडे गोल केले. पावशेर खरा २३३ ग्रॅमचा, तो झाला २५०. तोळा खरा ११.६६ ग्रॅमचा, तो झाला १०. एक वर गेला, दुसरा खाली आला.

गोड्या मसाल्याचं उदाहरण : धने पावशेर, दगडफूल २ तोळे. खरं वजन २३३ ग्रॅमला २३.३, म्हणजे दगडफूल धन्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं. चौथीत २५० ला २०, म्हणजे आठ टक्के. दगडफूल पाचव्या हिश्श्याने घटलं. तोळ्यात दिलेलं सगळंच (लवंग, दालचिनी, नागकेशर) धन्याच्या मानाने असंच घटतं, आणि मसाला फिका, नुसता धन्याच्या वासाचा होतो. कृतीत चूक नाही, हात चुकत नाही, गणित चुकलंय.

दुसरी गडबड वजन आणि वाटी एकत्र येतात तिथे. वड्यांच्या कृतीत साखर पावशेर आणि पाणी पाऊण वाटी. साखर २५० झाली, वाटी आहे तिथेच. पाक सात टक्के घट्ट सुरू होतो आणि वडी लवकर फुटते.

पहिली आठ पानं हरवणं महत्त्वाचं ठरलं तेही मापांमुळेच. शेर कोणता? पक्का शेर ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅम. मुंबईचा जुना शेर त्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकाच. शिवाय धान्याचा मापी शेर निराळा : दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. 'तांदूळ अर्धा शेर' म्हणजे तराजूवरचा की मापातला हे पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवरच सांगितलेलं असतं. ते पान नसेल तर मागचं सगळं अंदाजपंचे.

तेव्हा शोधायची वस्तू ठरली : दुसरी किंवा तिसरी आवृत्ती, पहिला फर्मा आणि अठरावा फर्मा शाबूत. मधलं कितीही फाटलेलं चालेल.

२८ एप्रिल : फूटपाथ

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनला चक्कर. दोन्हीकडे भर इंग्रजी कादंबऱ्या, इंजिनिअरिंग-मेडिकलची पुस्तकं, स्पर्धा परीक्षा. मराठी असतं ते गठ्ठ्यात, मागे, सुतळीने बांधलेलं. सोडून दाखवायला विक्रेते नाखूश असतात, म्हणून विषय आणि आकार सांगायचा, 'एवढं, वहीपेक्षा लहान, जाड, स्वयंपाकाचं'. नाव सांगितलं की 'ते कालच गेलं, आणून देतो' हे उत्तर ठरलेलं. हाती काही नाही. पावसाच्या आधी गेलो हे बरं, जूनपासून निम्मा माल प्लॅस्टिकखाली जातो.

६ मे : ऑनलाइन

जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून 'दुर्मिळ, दुसरी आवृत्ती' अशी प्रत मागवली. ६५० रुपये, टपाल ८०. आली ती चौथी. फोटोत फक्त मुखपृष्ठ होतं आणि मुखपृष्ठाचा ब्लॉक प्रकाशकाने तोच ठेवला होता. परत घ्यायला नकार. पुढे दुसऱ्या एकाला ४०० ला विकली, चौथी आहे हे सांगून.

मागवण्याआधी हे फोटो मागावेत, देत नसेल तर सोडून द्यावं : नावाच्या पानाची मागची बाजू, मापांचं पान, फर्म्याची खूण दिसेल असं मधलं एक पान, शेवटचं पान, आणि पुस्तक मधोमध उघडून शिलाई. मुखपृष्ठाच्या फोटोला काडीची किंमत नाही. 'दुर्मिळ' या शब्दालाही नाही.

१४ मे : रद्दी

खरा माल इथे आहे. गिरगाव, दादर, पार्ले इथल्या जुन्या चाळी आणि इमारती पुनर्विकासाला जातात, तेव्हा जागा खाली करायच्या आधीच्या आठवड्यात घरातली पुस्तकं रद्दीत निघतात. पन्नास-साठ वर्षं एका माळ्यावर पडलेलं स्वयंपाकाचं पुस्तक त्याच वेळी बाहेर येतं. इमारतीला पत्रे ठोकलेले दिसले की तिथला रद्दीवाला गाठायचा. पत्रे लागल्यावर उशीर झालेला असतो, पण शेजारच्या इमारतीचीही पाळी जवळ आलेली असते.

रद्दीचं चक्र समजून घ्यावं. दुकानातून गठ्ठा गोदामात, गोदामातून ट्रकने कागद गिरणीत. दुकानात माल फार तर आठ-दहा दिवस राहतो, जागाच नसते. वर्तमानपत्राला भाव चांगला, पुस्तकाला कमी, कारण पुठ्ठा आणि डिंक. म्हणून पुस्तकं आधी हलवतात. आणि बरेचदा वजन सारखं करायला पुठ्ठे दुकानातच ओरबाडतात, तेव्हा मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीकडेही बघायचं.

गिरगावातल्या एका दुकानदाराशी ठरवलं. त्याचं म्हणणं सरळ होतं : "स्वयंपाकाचं निघालं तर बाजूला ठेवतो साहेब. पण मग किलोचा भाव नाही लागणार. नगाचा." मान्य केलं. फर्म्याच्या खुणेचा आणि मापांच्या पानाच्या मथळ्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवून ठेवला. शब्दांत सांगण्यापेक्षा हे उत्तम, दुकानातला पोरगाही ताडून बघू शकतो.

दुसरी वाट म्हणजे ग्रंथालयांचं निर्लेखन. सार्वजनिक वाचनालयं जुनी, फाटलेली पुस्तकं यादी करून काढून टाकतात. यादी मंजूर झाली की माल ठोक जातो. त्या भागातल्या वाचनालयात ग्रंथपालांना आधी सांगून ठेवायचं. डोंबिवली-ठाण्यापर्यंत सांगून ठेवलं.

२ जून : पहिली प्रत

गिरगावच्या दुकानातून. १५० रुपये. तिसरी आवृत्ती, 'बारा नये पैशांची' आहे. पुठ्ठे नाहीत. पहिला फर्मा पूर्ण! २७२ नंतर काही नाही, म्हणजे याही प्रतीचा तोच फर्मा गळलाय. ११३ ते १२८ हा फर्माही नाही. पाठीकडून ओल लागून पहिल्या चाळीसेक पानांना तपकिरी कड आली आहे आणि आत कसर फिरून गेलीय : काठाला कुरतडल्यासारखे खड्डे, छपाईचा वरचा थर खरवडलेला.

पाचव्या पानावर मापांचं कोष्टक. शेर ८० तोळ्यांचा. तांदूळ, डाळी, पोहे मापी शेराने, पिठं आणि बाकी सगळं वजनी. पानाच्या तळाशी एक ओळ : वाटी म्हणजे सपाट भरून आठ तोळे पाणी मावेल एवढी. म्हणजे ९३ मिलि. हल्लीच्या १५० मिलिच्या वाटीने त्यातलं काहीही जमणं शक्य नव्हतं. एवढ्या एका ओळीसाठी दीडशे रुपये स्वस्त.

३ जून : कसर आणि ओल

बाहेरून आलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवू नये. क्रम असा :

आधी वाळवणं. दमट पुस्तक फ्रीजरमध्ये घालायचं नाही. पानं उलगडून दर दहा-पंधरा पानांत टीपकागद, वरून पंखा. ऊन नको, कागद वेडावाकडा होतो. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. जूनमध्ये मुंबईच्या हवेत नुसत्या पंख्याने काही होत नाही. झाकणाच्या मोठ्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेल खाली, वर जाळी, त्यावर पुस्तक. दाणे रंग बदलले की कढईत मंद तापवून परत वापरायचे. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नको.

मग गोठवणं. दोन पिशव्यांत हवा काढून बंद केलं आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा सतत उघडझाक होऊन तेवढा थंड राहत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी पानांवर सुटतं. याने किडे आणि अंडी मरतात, बुरशी मरत नाही. बुरशीची पूड मऊ ब्रशने, गच्चीत, तोंडाला मास्क लावून झाडली.

डांबरगोळ्या वापरल्या नाहीत. वास कागदात मुरतो आणि हे पुस्तक ओट्यावर राहणार आहे.

२५ जून : दुसरी प्रत

निर्लेखनाच्या मालातून, २०० रुपये. दुसरी आवृत्ती, २८६ व्या पानापर्यंत. म्हणजे अठरावा फर्मा आहे, शेवटचं पान (२८७-८८) तेवढं गेलंय. ११३ ते १२८ ही आहे, तेवढे दोन फर्मे घेतले की काम भागतं.

अडचण बांधणीची. वाचनालयाची जाड बांधणी : बाजूने भोकं पाडून दोरा ओवलेला, त्यामुळे आतला समास गिळलेला, आणि तिन्ही कडा यंत्रावर कापलेल्या. पानं उंचीला ५ मिमी आणि रुंदीला ४ मिमी कमी. घडीच्या जागी नुसती सुटी पानं, कारण भोकं पाडण्याआधी पाठच खरवडून काढलेली.

ग्रंथालयाचे शिक्के मजकुरावर नाहीत हे नशीब. शिक्का खोडायच्या भानगडीत पडू नये. निर्लेखनाचा शिक्का शाबूत असणं उलट चांगलं, पुस्तक रीतसर बाहेर पडल्याचा तो पुरावा.

६ जुलै : जुळवाजुळव

ठरलं ते असं. सांगाडा पहिल्या प्रतीचा (तिसरी आवृत्ती), त्यात दुसऱ्या प्रतीतून फर्मा ८ आणि फर्मा १८. घरची प्रत मोडायची नाही. तिच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं बरंच आहे ('मेथी निम्मी', 'रात्री भिजवणे, ४ तास पुरत नाहीत') आणि ते त्याच पानांवर राहावं.

दोन आवृत्त्या मिसळण्याआधी सांधा तपासावा. पान ११२ चा शेवटचा शब्द आणि ११३ चा पहिला, १२८-१२९, २७२-२७३. तिन्ही ठिकाणी वाक्य जुळतं.

बांधणाऱ्याकडे जाण्याआधी सुटी पानं जोड्यांनी पट्टीवर बसवायची. फर्म्यात ८ कागद. १-२ शी १५-१६ अशी मूळ जोडी लावून, मध्ये जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) १२ मिमीची पट्टी, दोन्हीकडे ३-३ मिमी चिकटवलेली. मधल्या उरलेल्या ६ मिमीत घडी येते आणि गिळलेला समासही थोडा परत मिळतो. जोडताना कागदाची कड बघू नका, मजकुराची चौकट शेजारच्या फर्म्याशी जुळवा. कड कापलेली आहे, ती फसवते.

चिकटवायला खळ : मैदा ५० ग्रॅम, पाणी ३०० मिलि, गुठळी मोडून मंद आचेवर सात-आठ मिनिटं, अर्धपारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर पंचातून गाळायची. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची. फेव्हिकॉल नको. वाळून कडक होतो, पुढे सोडवता येत नाही, आणि जुना कागद पट्टीच्या कडेला मोडतो.

पावसात खळ वाळायला वेळ लागतो. वजनाखाली टीपकागद दर दोन तासांनी बदलावा लागला. एक जोडी ओली राहून शेजारच्या पानाला चिकटली. मध्ये बटर पेपर घालायला हवा, टीपकागद एकटा पुरत नाही. ती वाफेवर सोडवली, २८१ व्या पानाचा एक कोपरा खरवडला गेला, मजकूर वाचला.

१९ जुलै : बांधणी

बांधणाऱ्याला काय हवं त्यापेक्षा काय नको हे सांगणं जास्त गरजेचं. कागदावर लिहून पुस्तकातच ठेवलं :

कटिंग नाही. सवयीने तिन्ही बाजू यंत्रात घालतात आणि समासातलं लिखाण, पानांचे आकडे उडतात. लहान-मोठी पानं तशीच राहू द्यायची.

जुजबंदी, म्हणजे प्रत्येक फर्मा घडीतून शिवायचा. बाजूने टोचणी नाही, नाहीतर पुस्तक ओट्यावर सपाट उघडं राहणार नाही.

खळीत मोरचूद नाही. किडीसाठी ते घालायची जुनी रीत आहे, पण विषारी आहे आणि हे पुस्तक पिठाच्या हातांनी उघडलं जाणार.

बांधणाऱ्याचं एकच म्हणणं पडलं, "कटिंग नाही केलं तर फिनिशिंग दिसत नाही. मग नाव नका सांगू कोणाला." सांगितलं नाही. काम सुरेख झालंय : कापडी पाठ, पुठ्ठ्यावर पुसता येईल असं रेक्झिन. पुढे दोन आणि मागे चार कोरी पानं जादा घालून घेतली. ४५० रुपये.

३ ऑगस्ट : शेवटची कामं

मापांचं कोष्टक मागच्या कोऱ्या पानावर ग्रॅममध्ये लिहिलं, गोल न करता : तोळा ११.७, छटाक ५८, नवटाक ११७, पावशेर २३३, शेर ९३३. वाटी ९३ मिलि. मापी शेरासाठी एकच आकडा देता येत नाही, तांदूळ आणि पोहे सारख्या मापाचे सारख्या वजनाचे नसतात. म्हणून मापट्याचं एक पितळी माप आणून पाण्याने तपासून ठेवलं.

घरच्या प्रतीतल्या पेन्सिलीच्या नोंदी नव्यात उतरवल्या, पेन्सिलीनेच. घरची प्रत ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून ठेवली, काळ्या-पांढऱ्यात पेन्सिल उठत नाही. स्कॅन स्वतःच्या वापरापुरता. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, तेव्हा पीडीएफ वाटत फिरायचं नाही.

खर्च : ऑनलाइन प्रतीतला तोटा ३३०, दोन प्रती ३५०, बांधणी ४५०, टिश्यू, टीपकागद, सिलिका जेल मिळून २२०. एकूण १,३५०, गाडीभाडं वेगळं. मापट्याचे पैसे यात धरलेले नाहीत, ते स्वयंपाकघराच्या खात्यात.

राहिलंय ते सूचीचं शेवटचं पान. पाहिलेल्या एकाही प्रतीत ते नाही. २८६ वर सूची 'शेंगोळी' पर्यंत येते, पुढचे 'स' आणि 'ह' त्या पानावर असणार. तेवढ्या कृती पुस्तकातून काढून मागच्या कोऱ्या पानावर हाताने लिहायला घेतल्यात. 'सांजा' ते 'सांडगे' झालंय, 'साटोरी' चालू आहे.